जुने घर विकून नवे घर घेताना : दोन्ही सौदे एकाच कागदावर मांडा



ऊस विकास विभागाने घराच्या खरेदी-विक्रीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण शिवारात फिरताना बेणे आणि खताच्या गोष्टी संपल्या की बांधावर हाच विषय निघतो. मुलगा भद्रावतीला नोकरीस लागला आहे, नातवंडांची शाळा तिकडेच आहे, म्हातारीला दवाखाना जवळ हवा आहे. तेव्हा गावातले घर काढावे आणि भद्रावतीत एखादे घेऊन टाकावे, असे पुष्कळांच्या मनात असते. विचार वाईट नाही. पण घराचा सौदा अडकला की त्याची पहिली झळ उसाला लागते. लागवडीसाठी ठेवलेला पैसा इसारात जातो, खताची मात्रा अर्ध्यावर येते आणि पुढच्या वर्षीचे टनेज घसरते. म्हणून हा विषय आमचाही आहे.

आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. घर विकणे हा एक व्यवहार आणि घर घेणे हा दुसरा, असे धरून चालू नका. दोन्ही मिळून एकच व्यवहार आहे. त्यात फसगत होते ती बहुधा भावात नव्हे, तर दोन तारखांच्या मधल्या फटीत होते. नव्या लागवडीचे बेणे ठरल्याशिवाय आपण खोडवा मोडत नाही. घराचेही तसेच आहे.

आधी विकावे की आधी घ्यावे?

याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, आधी जुने विकून पैसा हातात घ्यायचा आणि मग नवे शोधायचे. यात पैशाची चिंता नाही, पण मधल्या काळात भाड्याने राहावे लागते. जनावरे, अवजारे, धान्याच्या कोठ्या कुठे ठेवायच्या, हाही प्रश्न उरतो.

दुसरा, आधी नवे घ्यायचे आणि मग जुने विकायचे. घर बदलणे सोपे जाते, पण जुन्याचा पैसा येईपर्यंत नव्याचे देणे अंगावर राहते. काही बँका अशा वेळी अल्पमुदतीचे ब्रिज लोन देतात. ते मिळत असले तरी जुने घर ठरल्या वेळी विकले गेले नाही, तर व्याज चढत जाते. शिवाय गावठाणातल्या घराला गिऱ्हाईक थोडे असते. पुष्कळदा शेजारी किंवा भाऊबंद एवढेच घेणारे असतात आणि आपल्याला घाई आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. नवे घर घेऊन बसलेल्या माणसाला मग पडत्या भावात जुने द्यावे लागते.

तिसरा मार्ग म्हणजे दोन्ही सौदे बरोबर चालवायचे. बहुतेक सभासदांना हाच सोयीचा पडतो, पण त्याला शिस्त लागते. ती पुढे सांगत आहोत.

खरी कमी किती, ते आधी काढा

समजा, गावातले घर १२ लाखांना जाते आणि भद्रावतीतले घर २० लाखांना मिळते. माणूस मनात म्हणतो, ८ लाखांची सोय केली की झाले. पण तसे होत नाही. हिशेब मांडून पाहू.

नव्या घराची किंमत २०,००,००० रुपये. मुद्रांक शुल्क हिशेबापुरते शेकडा ६ धरले तर १,२०,००० रुपये. नोंदणी फी शेकडा १ प्रमाणे २०,००० रुपये. वकील व दस्तलेखक १५,००० रुपये. दुरुस्ती व सामानाची ने-आण ४५,००० रुपये. एकूण खर्च २२,००,००० रुपये.

जुन्या घराची किंमत १२,००,००० रुपये. त्यातून बाकी कर्ज १,५०,००० रुपये, दलाली २४,००० रुपये, थकलेला घरकर व किरकोळ खर्च ६,००० रुपये वजा जाता हातात १०,२०,००० रुपये.

म्हणजे कमी ८ लाखांची नसून ११ लाख ८० हजारांची आहे. वरचे ३ लाख ८० हजार ऐन वेळी कुठून आणायचे? नेमके इथेच लागवडीच्या पैशाला हात लागतो.

मुद्रांक शुल्काचा दर शहर व ग्रामपंचायत हद्दीप्रमाणे बदलतो, तेव्हा तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. सौद्याची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य तक्त्यातील किंमत, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर शुल्क लागते. राहते घर बाईमाणसाच्या नावाने घेतल्यास शुल्कात शेकडा १ ची सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. वरच्या उदाहरणात त्याने २०,००० रुपये वाचतात आणि घराच्या लक्ष्मीचे नाव कागदावर येते, ते वेगळेच.

उसाच्या बिलावर इसाराची तारीख बांधू नका

हे आम्ही मुद्दाम सांगतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पुरविल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे द्यावेत, असा नियम आहे. पण ते १४ दिवस ऊस कारखान्यावर आल्यापासून मोजायचे असतात, तुमच्या मनातल्या तारखेपासून नव्हे. तोडणीचा कार्यक्रम लावला तरी टोळी, पाऊस, रस्ता यांनी दोन-चार आठवडे इकडेतिकडे होतात. शिवाय बिलातून सोसायटीचे पीककर्ज आधी वळते होते. तेव्हा ‘ऊस गेला की पैसे देतो’ असे बोलून इसारचिठ्ठीत जानेवारीची तारीख घालू नका. बिल खात्यावर जमा झाल्यावर, कर्ज वजा जाऊन जे उरले, तेवढेच घरासाठी मोजा. त्यातूनही पुढच्या लागवडीचे भांडवल बाजूला काढून ठेवा.

इसारचिठ्ठी कशी असावी

इसार म्हणजे चहापाण्याची रक्कम नव्हे. घेणारा मागे फिरला तर इसार जप्त होऊ शकतो, आणि देणाऱ्याने शब्द फिरवला तर सौदा पुरा करून मागण्यासाठी न्यायालयात दावा लागू शकतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून कायद्यात झालेल्या बदलाने असा दावा करणाऱ्याची बाजू अधिक बळकट झाली आहे. म्हणजे दोन सौदे हाती असलेला माणूस दोन्हीकडून बांधला जातो. जुन्याचा गिऱ्हाईक पळाला तर त्याचा दीड लाखाचा इसार तुमच्याकडे राहील, पण नव्या घरासाठी दिलेले तुमचे दोन लाख जातील. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. आधी जुन्या घराचा इसार घ्या, मग नव्याचा द्या. आणि जेवढा घेतला त्यापेक्षा जास्त देऊ नका.

२. जुन्याची रजिस्ट्री आधी आणि नव्याची नंतर, असे मध्ये निदान १५ दिवस ठेवा. जमल्यास दोन्ही एकाच दिवशी करा.

३. जुन्या घराचा ताबा रजिस्ट्रीनंतर महिना-दीड महिन्याने देऊ, असे लिहून घ्या. घेणाऱ्याचा विश्वास राहावा म्हणून थोडी रक्कम ताब्याच्या दिवशी घेण्याचे कबूल करा.

४. नव्या घराच्या इसारचिठ्ठीत अट घाला, की अमुक तारखेपर्यंत जुने घर विकले गेले नाही किंवा बँकेचे कर्ज मंजूर झाले नाही, तर इसार परत मिळेल. विकणारा ही अट नाकारील, तर इसाराची रक्कम कमी करा किंवा मुदत वाढवून घ्या. दोन्ही नाही म्हणाला, तर दुसरे घर बघा. घरे काही संपत नाहीत.

५. सगळे स्टॅम्पपेपरवर, दोन्ही बाजूंच्या सह्या व साक्षीदारांसह असावे. तोंडी बोलण्यावर घर घेऊ नये, भाऊबंदाशी तर मुळीच नाही.

६. पैसे बँकेतूनच द्या-घ्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

तारखांचा नमुना असा धरता येईल. जुन्याचा इसार १ डिसेंबर, नव्याचा इसार १० डिसेंबर, जुन्याची रजिस्ट्री १ मार्च, नव्याची १५ मार्च, जुन्याचा ताबा १५ एप्रिल. तोवर मुलांच्या परीक्षा आटोपत येतात आणि पाऊस लांब असतो. मृगाच्या तोंडावर दोन्हीकडून बेघर होण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

जुन्या घराचे कागद

विकायला निघाल्यावर कागद शोधण्यात दोन महिने जातात आणि तेवढ्यात गिऱ्हाईक निघून जाते. म्हणून हे काम इसाराच्या आधीच करावे.

गावठाणातल्या घराला बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो कर आकारणीचा उतारा आहे. तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ हा वेगळा, तो खात्यावरील जमिनीचा. नावे सारखी असल्याने पुष्कळांची गल्लत होते. आणि नमुना ८ वर नाव असणे म्हणजे मालकीचा पक्का पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक व सनद मिळते. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रक काढून ठेवा. विक्रीला आणि कर्जाला दोन्हीला त्याचा उपयोग होतो.

घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींचा विचार आधी करा. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या हिश्श्यात आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असणे जरूर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. तेव्हा बहिणीला रजिस्ट्रीच्या दिवशी अंगठ्यापुरती बोलावू नका. आधी बसा, बोला, तिचा वाटा द्या. ती आपखुशीने सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. दिवाळी-राखीला येणारी माणसे घराच्या पैशावरून तोडू नयेत.

घर शेतात बांधलेले असेल तर सातबारावरचा बोजा पाहा. सोसायटीच्या पीककर्जासाठी इकरार करून दिलेली जमीन कर्ज फिटेपर्यंत विकता येत नाही. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ मध्ये तशी तरतूद आहे. आधी कर्ज फेडून बोजा कमी करून घ्यावा. जमीन भोगवटदार वर्ग २ ची असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे बंधन आहे. परवानगीवाचून घेतलेली अशी जमीन परत जाते, म्हणून त्या भानगडीत पडूच नये.

नवे घर घेताना भद्रावतीत काय पाहावे

लेआऊटमधले घर किंवा प्लॉट असेल तर अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा मागा. नगर भूमापन झालेल्या भागात आखीव पत्रिका पाहा. जागा नझूलची असेल तर भाडेपट्टा कधी संपतो ते विचारा. दुय्यम निबंधक कार्यालयात मागील ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. मूळ विक्रीपत्र डोळ्यांनी बघा. ते बँकेत आहे असे कळले तर कर्जाची बाकी विचारा. मुखत्यारपत्रावर घर विकतो असे कोणी म्हणेल तर सावध व्हा. अशा कागदाने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सांगितलेले आहे. मालकी नोंदलेल्या विक्रीपत्रानेच मिळते.

हा कोळशाचा मुलूख आहे, हेही विसरू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. तेव्हा घर घेताना खाली किंवा जवळ जुनी खाण आहे काय, भिंतींना तडे आहेत काय, हे शेजारच्या जुन्या माणसांना विचारा. नदी-नाल्याकाठी असेल तर २०२२ च्या पुरात पाणी कुठवर आले होते, तेही विचारा.

ज्या गावाला कोळसा धारक क्षेत्र अधिनियम १९५७ खाली सूचना लागली आहे, तिथे घर घेण्याआधी तलाठ्याकडे व कोळसा कंपनीच्या कार्यालयात चौकशी करा. त्यात कलम ४ ची सूचना शोधाची, कलम ७ ची संपादनाच्या इराद्याची आणि कलम ९ ची प्रत्यक्ष संपादनाची असते. कलम ९ ची अधिसूचना निघाली की जमीन सरकारजमा होते. मग तुमचा सौदा कागदावरच राहतो.

प्रकल्पाच्या बोलवेवरही भाव ठरवू नये. १९९० च्या दशकात भद्रावती तालुक्यात निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी जमिनी संपादन झाल्या, पण वीज केंद्र उभे राहिले नाही. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील दोनशेहून अधिक कोळसा खाणपट्टे रद्द केले आणि बरांजची चालू खाणही पुढे काही वर्षे बंद राहिली. ‘कंपनी येणार आहे, भाव दुप्पट होणार, भाडेकरू रांगा लावतील’ असे सांगून कोणी घाई करीत असेल तर त्याला नमस्कार करावा. राहण्यासाठी घर घेतो आहोत, तेव्हा आजच्या राहण्याच्या सोयीवर किंमत ठरवावी.

करात कायदा सवड देतो

घर विकून नफा झाला तर आयकर लागू शकतो. पण घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ आपले असेल आणि त्या नफ्यातून दुसरे राहते घर घेतले, तर सूट मिळते. नवे घर विक्रीच्या आधी १ वर्षात किंवा नंतर २ वर्षांत घ्यावे, अथवा ३ वर्षांत बांधावे, अशी मुदत आहे. कराचे विवरण भरण्याच्या तारखेपर्यंत पैसा वापरला गेला नाही, तर तो बँकेत १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवावा लागतो. असे घेतलेले नवे घर ३ वर्षे विकू नये, नाहीतर सूट जाते. जुने घर १ एप्रिल २००१ च्या आधीचे असेल तर नफा काढताना त्या दिवसाची बाजारकिंमत धरता येते, म्हणून जुन्या घरांना बहुधा वाटतो तितका कर येत नाही. हिशेब मात्र कर सल्लागाराकडून करून घ्यावा.

यातून आम्हाला सांगायचे ते हेच, की कायदाच दोन वर्षे देतो. ‘लवकर घे, नाहीतर कर लागेल’ म्हणून आठ दिवसांत घर गळ्यात मारणाऱ्याचे ऐकू नये.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी

घर बदलले की घरकर, पाणी आणि महावितरणच्या वीजबिलावरील नावे बदलून घ्या. जुन्या घरावरची तुमची नावे विक्रीनंतर कमी झाली की नाही, तेही पाहा. नाहीतर दुसऱ्याच्या थकबाकीची नोटीस तुम्हाला येते. आणि आपल्या गट कार्यालयात नवा पत्ता व फोन नंबर कळवा. तोडणीची सूचना, बिलाची पावती, वार्षिक सभेची नोटीस जुन्या गावी जाऊन पडू नये. भाग दाखल्यावरील वारसाचे नाव तपासून घेण्यासही हीच वेळ चांगली.

सौद्याला बसण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूस जुन्या घराच्या तारखा व येणारे पैसे लिहा, उजव्या बाजूस नव्या घराच्या तारखा व द्यायचे पैसे लिहा. कारभारणीला आणि मुलांना तो कागद वाचून दाखवा. उजवीकडची एखादी तारीख डावीकडच्या आधी येत असेल, तर ती बदलल्याशिवाय इसाराला हात घालू नका. वकिलाकडे, बँकेत किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात जाताना हाच कागद सोबत न्या. आमचे शेतकी मदतनीस गटात येतातच. हिशेब मांडायला कोणास अडचण वाटली, तर त्यांना निःसंकोच विचारावे.

— ऊस विकास अधिकारी